वहिनींच्या नावावर मी सांगितलेली खात्री

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला कारणं सहज मिळत गेली. आधी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची बदली व्हायची होती, मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मग बायको म्हणाली, "आता कशाला उकरता? ज्यांना वाईट वाटायचं ते राहिलेत कुठे?" पण एक जण राहिली आहे. माझी पुतणी. काही महिन्यांपूर्वी ती महूहून माझ्याकडे येऊन गेली आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो, घडी घालून ठेवतो. गॅलरीत जातो, परत येतो. चहा गार होतो. बायको विचारते, "काय हरवलंय?" मी म्हणतो, काही नाही. आज शेवटी लिहायला बसलो आहे.

आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. मराठी म्हटलं की इथल्या लोकांना संस्थानाच्या वेळची घराणी आठवतात आणि ख्रिस्ती म्हटलं की केरळची माणसं. त्यामुळे आम्हाला दोन्हीकडे थोडं समजावून सांगावं लागतं. माझे वडील नगर जिल्ह्यातून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. आमची मराठी मंडळी, म्हणजे चर्चची सभासद माणसं, लहान आहे. हिंदी मंडळीची उपासना आटोपली की त्याच इमारतीत आमची सुरू होते. त्यांची माणसं बाहेर पडत असतात, आमची आत शिरत असतात, आणि दारातल्या चपलांची नेहमी अदलाबदल होते.

माझी आई मी शाळेत असतानाच गेली. त्याच सुमारास मोठ्या भावाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आल्या. नर्स होत्या. ड्यूटीवरून आल्या की हात धुवून आधी माझं ताट वाढायच्या, मग स्वतःचं. मी मोठा झालो, वीज खात्यात लागलो, लग्न केलं, वेगळं घर केलं, तरी "भाऊजी जेवलात का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. भाऊ अकाली गेला. त्यांनी मुलीला एकटीनं शिकवलं. कुणाकडे काही मागितलं नाही.

मंडळीत त्यांचं एक काम होतं, त्याला पद नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि लहान पेल्यांतून द्राक्षाचा रस, बाकाबाकांवरून फिरवतात. तो रस वहिनी करायच्या. शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी त्याच पाण्यात उकळायच्या, हातानं कुस्करायच्या आणि धुतलेल्या मलमलीतून गाळायच्या. रविवारी स्टीलची बरणी पिशवीत घालून वेळेच्या आधी पोचायच्या. साखर कधी घालत नसत. किंचित तुरट लागायचा तो रस. मला तर वाटायचं, प्रभुभोजनाची चव म्हणजे हीच.

मी मंडळीचा पंच होतो. पंच म्हणजे कमिटीतला माणूस, पाळकांच्या हाताखालचा. प्रभुभोजनाच्या वेळी तबकं आम्हीच फिरवायचो.

आता मूळ गोष्ट. माझी निवृत्ती जवळ आली होती त्या वर्षी मंडळीत तीन दिवसांच्या संजीवन सभा, म्हणजे विश्वास नव्यानं जागवायच्या सभा, ठेवल्या होत्या. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. बोलायला दांडगे. आवाज असा की मायक्रोफोनची गरजच नव्हती, पण ते तो अगदी तोंडाशी धरत. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं.

"कोणी कोणाकडे बघायचं नाही. हा तुमचा आणि प्रभूचा मामला आहे. आज या घडीला मरण आलं तर आपण प्रभूकडे जाणार अशी ज्यांना पक्की खात्री आहे, त्यांनी हात वर करा."

या सभांची एक पद्धत बाहेरच्यांना माहीत नसते. सगळे डोळे मिटतात तेव्हा पंच मिटत नाहीत. आम्ही भिंतीला धरून उभे राहतो आणि हात बघतो. कोणाचा वर झाला, कोणाचा पहिल्यांदाच झाला, कोणाला घरी जाऊन भेटायला हवं, हे नंतर पाळकांना सांगायचं असतं. वाईट हेतूनं कोणी करत नाही. पण "कोणी बघायचं नाही" असं स्टेजवरून सांगितलं जात असताना आम्ही बघत असतो, हे खरं आहे. आणि दुसरंही खरं आहे, जे त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. हात मोजणाऱ्याला स्वतःचा हात वर करावा लागत नाही.

मी बायकांच्या बाजूला, खिडकीपाशी उभा होतो. हात वर होत गेले. काहींनी दोन्ही केले. वहिनी तिसऱ्या बाकावर होत्या. त्यांनी डोळे खरोखर मिटले होते, लहान मुलं मिटतात तसे, घट्ट. हात मांडीवर. चेहरा असा, की पर्समध्ये काहीतरी शोधतायत आणि ते हाताला लागत नाहीये. प्रचारकांनी पुन्हा विचारलं. पुन्हा. वहिनींनी पदर नीट केला आणि हात परत मांडीवर ठेवला. अख्ख्या सभागृहात बसलेल्यांत हात वर न केलेल्या त्या एकट्याच होत्या.

सभेनंतर आम्ही एकाच रिक्षानं निघालो. बायको माहेरी गेली होती म्हणून दोघंच होतो. रिक्षा लालबागच्या बाजूला वळली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी हात वर केला नाही."

"बघितलं मी," मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"तुमचे डोळे उघडे होते?"

"पंचांना ठेवावे लागतात."

"अच्छा!" त्या हसल्याच. "म्हणजे माझा, प्रभूचा आणि पंचांचा मामला म्हणा."

मीही हसलो. मग त्या गंभीर झाल्या. "खोटा कसा करू हो हात वर? मी विश्वास ठेवते. लहानपणापासून ठेवते. पण माझा विश्वास तिथपर्यंत पोचला की नाही, याची पावती कुठे मिळते? ते म्हणतात मनात मिळते. मी मनात बघते तर उद्या भाजी काय करायची ते दिसतं." मग म्हणाल्या, "तुम्हाला कळतं का हो आतून? कसं कळतं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी पंचाच्या आवाजात म्हणालो, "वचन वाचत जा, प्रार्थना करत जा, येईल." त्या "हं" म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या.

माझी स्वतःची गोष्ट काय होती ते सांगतो. मंडळीत ज्याला त्याला आपली साक्ष द्यावी लागते, म्हणजे आपलं तारण कधी आणि कसं झालं ते उभं राहून सांगावं लागतं. माझी साक्ष सगळ्यांना पाठ होती. महूला तरुणांचं शिबिर होतं, मी पापी होतो, एका संध्याकाळी प्रभूचा स्पर्श झाला, मी रडत पुढे गेलो आणि नवीन माणूस होऊन परतलो. खरं असं होतं की माझे सगळे मित्र उठून पुढे गेले आणि रिकाम्या रांगेत मी एकटाच बसून राहिलो. लाज वाटली म्हणून उठलो. पुढे सगळे रडत होते, मलाही रडू आलं. ते रडू खरं होतं का, मला सांगता यायचं नाही. परत आलो तेव्हा मी होतो तोच होतो. पण पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा लोकांनी हालेलुया म्हटलं. दुसऱ्यांदा मी त्यात थोडी भर घातली. वर्षानुवर्षं सांगून ती इतकी गुळगुळीत झाली की सांगताना मलाही ती खरी वाटायची. आणि एकटा असलो की वाटायचं, हे सगळं माझ्या बाबतीत खरं नसलं तर? बाकीचे आत गेले आणि मी दाराशीच राहिलो तर? मग मी उठून काहीतरी काम काढायचो. नळाचा वॉशर बदलायचो.

त्या आठवड्यात कमिटी बसली. पाळकसाहेब तरुण होते, धर्मशिक्षणाच्या सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेले. माणूस वाईट नव्हता. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी मला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "भाऊ, तुमच्या प्रार्थनेत आजकाल जोर वाटत नाही. सगळं ठीक आहे ना?" तो प्रश्न माझ्या अंगात रुतून बसला होता. वाटायचं, यांना दिसतंय.

कमिटीत त्यांनी विचारलं, "शेवटच्या दिवशी सगळेच हात वर होते ना?"

आमच्यात महूच्या छावणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. ते म्हणाले, "हाउसफुल, साहेब. एकदम हाउसफुल."

आणि मी म्हणालो, "एक नव्हता."

मला कोणी विचारलं नव्हतं. सुभेदार पुरुषांच्या बाजूला उभे होते, त्यांना दिसलंही नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर ते तिथेच संपलं असतं. पण पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता तरी यांना कळेल की मी जागा आहे. आज इतक्या वर्षांनी मला ते स्वच्छ दिसतं. माझ्याकडे कोणी बघू नये म्हणून मी वहिनींना पुढे केलं.

"कोण?" पाळकसाहेबांनी विचारलं. मी सांगितलं. वर रिक्षातलं बोलणंही सांगितलं.

ते म्हणाले, "ठीक आहे. प्रार्थना करू त्यांच्यासाठी. एखाद्या विश्वासणाऱ्याला कधी कधी…"

सुभेदारांनी त्यांना पूर्ण करू दिलं नाही. "पण साहेब, रस त्याच बनवतात ना? ज्यांना स्वतःच्याच तारणाचं पक्कं माहीत नाही, त्यांच्या हातचा रस आपण प्रभूच्या मेजावर ठेवायचा, हे बरोबर आहे का? मी फक्त विचारतोय."

 सगळे माझ्याकडे बघत होते, कारण माणूस माझ्या घरचं. पाळकसाहेब "तसं काही शास्त्रात…" म्हणत होते. त्यांचा अर्धवट विरोधच होता, मी तो जरा उचलून धरला असता तर पुरला असता. मी म्हणालो, "मी बोलतो त्यांच्याशी. यापुढे बाजारातून बाटली आणू."

मी गेलो तो दिवस नेमका शुक्रवार होता. ओट्यावर पातेल्यात मनुका भिजत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, तुमचं वय झालं, किती दगदग करता. कमिटीनं ठरवलंय, आता बाटली आणायची."

"कोण म्हणालं?"

"कमिटी."

"कमिटीत तुम्ही आहात ना?"

"आहे की."

"मग 'मी म्हणालो' असं म्हणा की सरळ."

त्या ओरडल्या नाहीत. त्यांना कळलं होतं, बहुधा मी दारात उभा राहिलो तेव्हाच.  मग मला बसायला सांगितलं, रवा भाजला, त्या मनुका निथळून शिऱ्यात घातल्या आणि निघताना शिरा डब्यात भरून दिला. "मुलांना द्या," म्हणाल्या. मी तो डबा घेतला. घरी येऊन खाल्लासुद्धा.

त्याच रविवारी तबक घेऊन मी बायकांच्या बाजूला होतो. वहिनींच्या बाकापाशी आलो. त्यांनी तबक हातात घेतलं, एकही पेला उचलला नाही, आणि शेजारणीकडे सरकवलं. अपात्र असताना घेऊ नये, ही शिकवण आमच्या लोकांत लहानपणापासून भिनलेली असते. त्यांना कोणी घेऊ नका म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच उरली नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर आम्ही पंच एकत्र पितो. मी माझा पेला प्यालो. तो रस फार गोड होता.

नंतर जे झालं ते लहान मंडळीत होतं तसंच झालं. बायकांच्या प्रार्थनेत दर आठवड्याला "आपल्या एका बहिणीला तारणाची खात्री मिळावी" म्हणून विनंती यायची आणि ती एक बहीण तिथेच बसलेली असायची. कोणी घरी जाऊन उपदेश करून आलं. कोणी फोनवर वचनं पाठवली. एकदा दारात चपला शोधताना एका बाईंनी हसत विचारलं, "काय मग, आली का खात्री?"

वहिनी म्हणाल्या, "निघालीय म्हणे. राजवाड्याच्या जाममध्ये अडकली असेल."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण त्यानंतर त्या मागच्या बाकावर बसायला लागल्या, आणि मुलीला महूच्या एका शाळेत नोकरी लागली तेव्हा सामान बांधून तिच्याबरोबर गेल्या. जाताना म्हणाल्या, "तिकडे बरं आहे, कोणी ओळखत नाही."

मी महूला जायचो. बस पकडताना दर वेळी मनाशी ठरलेलं असायचं की आज बोलायचं. वाक्य तयार करायचो, वाटेतल्या राऊपर्यंत ते पाठ व्हायचं, आणि त्यांच्या दारात पोचलो की त्या विचारायच्या, "जेवलात का?" मग गुडघ्यांबद्दल बोलणं व्हायचं, छावणीतली झाडं, शाळेतली राजकारणं, चहा आणि शेव. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला शिव्या द्यायचो. पुन्हा महिनाभर जायचो नाही. मग पुन्हा जायचो.

शेवटचा गेलो तेव्हा त्या पलंगावरच होत्या. पुतणी शाळेत गेलेली होती. दुपारचं ऊन पायांवर घेऊन त्या पडल्या होत्या, बारीक झाल्या होत्या. मी खुर्ची ओढून बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा की."

"तुम्हाला आहे का हो खात्री?"

"आहे," मी म्हणालो. वर्गात हजेरीला म्हणतात तसं, नाव पुरं व्हायच्या आत.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला अजून ते बघणं आठवतं. त्यात संशय होता की नव्हता, हे मी किती वेळा ताडून बघितलंय. मग म्हणाल्या, "बरं झालं. घरात एकाला तरी आहे." आणि पुढे, "मला नाही आली बघा. पुष्कळ वाट बघितली. प्रार्थना काही सोडली नाही पण. रोज करते. ऐकणारा असेल तर ऐकत असेल. नसेल तर," त्यांनी हात जरासा हलवला, "सवय आहे."

मी पुढे झुकलो. म्हणालो, "वहिनी, मला…"

"काय?"

"मला जरा पाणी हवं होतं."

आणि त्या कोपरावर जोर देऊन उठायला लागल्या. मला पाणी द्यायला. मी त्यांना झोपवलं, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तिथेच उभा राहिलो. पुतणीच्या स्कूटीचा आवाज आला तेव्हा नळ बंद केला.

थोड्याच दिवसांत त्या गेल्या. दफनाला इंदूरहून मंडळीची बरीच माणसं आली. कब्रस्तानाच्या फाटकाशी कुजबुज चालली होती आणि तिचा विषय मला माहीत होता. पुतणी माझ्याजवळ आली. रडून तिचा चेहरा सुजला होता. "काका, लोक विचारतायत, आईचं शेवटी… म्हणजे ती शांत झाली होती ना? तुम्ही भेटला होतात. तुम्हाला काही बोलली का?"

तेवढ्यात मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी पेटीच्या डोक्याशी उभा राहिलो. समोर सगळे तेच चेहरे. मी म्हणालो, "शेवटच्या भेटीत वहिनी मला म्हणाल्या, भाऊजी, आता मला खात्री आहे."

वीज गेलेल्या वस्तीत ती परत आल्यावर जसा एक आवाज उठतो, तसा आवाज लोकांतून उठला. कोणी स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. पुतणी रडता रडता हसली. सुभेदार काठी टेकत आले, माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "भिया, ओझं उतरलं माझं. कसम से, फार मोठं ओझं उतरलं." ते खरोखर रडत होते. म्हणजे त्यांनाही ते टोचत होतं, इतकी वर्षं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्या वेळी मला वाटलं, मी चांगलं केलं. मुलीला धीर मिळाला, लोकांची तोंडं बंद झाली, वहिनींचं नाव राहिलं. पण खोट्याला पाय फुटतात. पुतणीनं थडग्यावर आईच्या नावाखाली कोरून घेतलं की ती पूर्ण खात्रीनं प्रभूकडे गेली. नंतर आलेल्या पाळकांनी तो प्रसंग उपदेशात वापरला. आपल्या मंडळीत एक बहीण होती, वर्षानुवर्षं शंकेत राहिली, पण प्रार्थनेला उत्तर मिळालं, शेवटच्या घटकेला तिला खात्री लाभली. मी बाकावर बसून ते ऐकलं. मान हलवली. ज्या बाईनं खोटा हात वर करायला नकार दिला, तिचा हात तिच्या मरणानंतर मी वर केला होता, आणि सगळी मंडळी तो बघून आनंदात होती.

हे असंच राहिलं असतं. पण काही महिन्यांपूर्वी पुतणी आली. तिनंही आता पन्नाशी ओलांडली आहे. हेल्मेट टेबलावर ठेवलं, पाणीही प्यायली नाही.

"काका, मला एक नीट सांगा. आई तुम्हाला एक्झॅक्टली काय म्हणाली होती?"

"तेच, जे मी तेव्हा…"

"नाही, पूरा सांगा. कशी मिळाली तिला? काय केलं तिनं? मी रोज सकाळी बसते, काका. कुछ नहीं होता. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. आईला तर तिकडेच, त्याच पलंगावर मिळाली. मग मला का नाही? माझ्यातच काहीतरी खोट असणार ना? मला रात्रीची भीती वाटते. मी प्रभुभोजन घेणं बंद केलंय."

 मी म्हणालो, "अगं, शंका सगळ्यांनाच येतात."

"आईची गेली ना पण! शेवटी गेली ना?"

मी उठलो, गॅलरीपर्यंत गेलो, परत आलो. बायको आत भांडी लावत होती, तो आवाज थांबला. मी म्हणालो, "वहिनी मला तसं काही म्हणाल्या नव्हत्या."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. हात, कमिटी, बाटली, पलंगाशी वहिनी काय म्हणाल्या आणि मी काय म्हणालो.  शेवटी पुतणीनं विचारलं, "म्हणजे आईला शेवटपर्यंत नव्हती?"

"नव्हती. पण प्रार्थना त्यांनी सोडली नाही."

"आणि तुम्हाला?"

आयुष्यात पहिल्यांदा मी ते मोठ्यानं बोललो. "मला कधीच नव्हती."

ती खुर्चीच्या हातावर बोटं आपटत राहिली. "इतने साल," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी तिच्यासारखी व्हायला बघत होते. तिला मिळालं, मला नाही, म्हणून स्वतःला कोसत होते. आणि मी तर तिच्यासारखीच होते, काका. अगदी तिच्यासारखीच होते."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. "तुम्ही आईला सॉरी म्हणालात कधी?"

"नाही. जमलं नाही. तुझी तरी…"

"मला म्हणू नका," तिनं हात वर करून मला थांबवलं. "ते तिचं आहे. मला नका देऊ." हेल्मेट घेतलं आणि गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही. बायकोचा उचलते.

मी पाळकांकडे गेलो. म्हणालो, मला रविवारी उभं राहून हे सांगायचं आहे. ते म्हणाले, "काका, आता कशाला? त्या साक्षीनं किती जणांना बळ मिळालंय. लोकांचा विश्वास डळमळेल." मी म्हणालो, ज्यांचा आधीच डळमळतोय त्यांचं काय? ते म्हणाले, बघू. अजून बघतायत. म्हणून हे लिहून काढतो आहे, आणि हे छापून वाटायचं की वाचून दाखवायचं ते पुतणीनं ठरवावं.

ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या तारणाची शंका येऊ शकते का, असं कोणी मला पंच असताना विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, शंका म्हणजे अविश्वास असं म्हणालो असतो. आता तसं म्हणवत नाही. ज्याला काही पडलेलंच नाही त्याला शंका येत नाही. बायबलमध्ये आजारी मुलाला घेऊन प्रभूकडे आलेला एक बाप एकाच दमात म्हणाला होता की माझा विश्वास आहे आणि तो कमी पडतोय. त्याला कोणी मागच्या बाकावर बसवलं नाही, मुलगा बरा करून दिला. हे मी शंभरदा वाचलं होतं, उपदेशातही सांगितलं होतं, आणि माझ्या घरच्या माणसानं तेच सांगितलं तेव्हा मला ते ओळखू आलं नाही. वहिनींच्या तारणाबद्दल मला आज शंका नाही. माझ्या तारणाबद्दल आहे, आणि ती जाईल असं वाटत नाही. निदान ती लपवायची तरी नाही, एवढं ठरवलं आहे. हेही या वयात ठरवायला फार सोपं आहे, हे मला कळतं.

पुतणी म्हणाली ते बरोबर आहे. ते सॉरी तिला द्यायचं नव्हतंच. बसमध्ये मी जी वाक्यं जुळवायचो ती लांबलचक असायची, त्यात कमिटी असायची, सुभेदार असायचे, परिस्थिती असायची. आता ती सगळी गळाली आहेत. उरलं ते एवढंच आहे.

वहिनी, तुम्ही विचारलं आणि मी खोटं बोललो. मलाही नव्हती. तुम्ही एकट्या नव्हता, आणि हे तुम्हाला सांगू शकणारा माणूस तुमच्या समोर बसला होता. मला माफ करा.